वजन उतरवण्याचा हिशोब

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणाऱ्या छकड्याकडे एकदा निरखून पाहावं. दोन चाकं, दांडी, जू आणि बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याला जेमतेम टेकता येईल एवढी जागा. कठडा नाही, फळ्यांचा साटा नाही, शोभेचं तर काहीच नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत पट पिढ्यान्‌पिढ्या भरत आले आहेत. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या काळात छकड्याची घडण जिथल्या तिथे राहिली, कारण त्यातून काढण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. घरची धान वाहणारी बंडी घेऊन, तिच्या फळ्या उपटून कुणी पटात उतरत नाही, हेही लक्षात घ्यावं. कामाची गाडी वेगळी, शर्यतीची वेगळी.

मोटारीच्या नादी लागलेले तरुण मात्र नेमकं उलट करतात. एकच गाडी, तीच कॉलेजला, तीच लग्नाला, आणि तीच ‘रेसिंग’ करायची म्हणून एका रविवारी मागची सीट, गालिचा, स्टेपनी बाहेर. खरी स्पोर्ट्स कार गोंदियात अपवादानेच दिसते. हा प्रयोग होतो तो जुन्या स्विफ्टवर किंवा पोलोवर. तेव्हा आतलं सामान काढून गाडी हलकी करणं म्हणजे नक्की काय, ते कोणी आणि का केलं, त्यातून मिळतं किती आणि जातं किती, याचा एकदा सरळ आढावा घ्यायला हरकत नाही.

आधी मिळकतीची बाजू. इंजिन जेवढा जोर देतं तो वजनाला वाटला जातो, म्हणून वजन घटलं की गाडी लवकर वेग घेते, कमी अंतरात थांबते आणि वळणावर टायरवर कमी भार येतो. इंजिनाची ताकद वाढवली तर फक्त पळण्यात फरक पडतो. वजन उतरवलं तर पळणं, थांबणं, वळणं तिन्ही सुधारतं. हलक्या गाडीचं आकर्षण इथून येतं आणि ते खोटं नाही. पण आकडे मांडले की उत्साह जागेवर येतो. चालकासह 1,170 किलोंची, 105 अश्वशक्तीची गाडी घ्या आणि तिच्यातून 50 किलो काढा. वजन सुमारे चार टक्क्यांनी घटलं, म्हणजे बोनेटखाली चार-पाच अश्वशक्ती वाढल्यासारखं झालं. शून्य ते शंभरला साडेदहा सेकंद लागत असतील तर आता दहाच्या थोडं वर लागतील. कमाल वेगात फरक जवळजवळ नाहीच, कारण तिथे लढाई हवेशी असते, वजनाशी नसते. आणि एक मित्र शेजारी बसला की हे 50 किलो परत आलेच, वर वीस किलो व्याज.

मग मोठमोठ्या कंपन्यांनी हा खटाटोप का केला? त्यांच्यापुढे शर्यतीचा नियम होता आणि कारखाना हाताशी होता. 1934 मध्ये ग्रां प्री शर्यतींसाठी गाडीचं वजन 750 किलोंच्या आत हवं असा नियम आला. मर्सिडीजची गाडी नुर्बुर्गरिंगला काट्यावर एक किलो जास्त भरली, म्हणून रात्रीत तिचा पांढरा रंग खरवडून काढला आणि त्यातून ‘चंदेरी बाण’ जन्मले, ही कथा सगळ्यांनी ऐकलेली असते. पुढे इतिहासकारांनी दाखवून दिलं की त्या दिवशीच्या शर्यतीला ती वजनमर्यादा लागूच नव्हती. कथा गोड आहे, एवढंच म्हणावं.

ठोस उदाहरण पोर्शेचं आहे. 911 करेरा आरएस 2.7 ही गाडी 1972 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आली. शर्यतीच्या पात्रतेसाठी 500 गाड्या विकणं भाग होतं. प्रत्यक्षात 1,580 बनल्या. त्यातली ‘टूरिंग’ 1,075 किलोंची, तर ‘लाइटवेट’ सुमारे 960 किलोंची. मधले 115 किलो गेले कुठे? मागच्या सीट नाहीत, घड्याळ नाही, गालिच्याच्या जागी पातळ रबरी मॅटिंग, दरवाजाच्या आतल्या मुठीऐवजी चामड्याचा पट्टा. पण तेवढ्याने शंभर किलो भरत नाहीत. पत्रा पातळ वापरला होता, काचाही पातळ होत्या. वजन बरंचसं अशा ठिकाणाहून गेलं जिथे गॅरेजमधला पाना पोचत नाही. होंडाची 1992 ची एनएसएक्स-आर मूळ गाडीहून सुमारे 120 किलोंनी हलकी होती. आवाज रोखणारे थर, एसी, म्युझिक सिस्टीम, स्टेपनी हे गेलंच, पण सोबत स्प्रिंगही बदलल्या होत्या. बीएमडब्ल्यूच्या 2003 च्या एम-3 सीएसएलमध्ये 110 किलो घटवले, त्यासाठी छप्पर कार्बन फायबरचं केलं. रेडिओ आणि एसी काढून टाकले होते, पण गिऱ्हाइकाने मागितले तर फुकट परत बसवून मिळत.

या यादीत मला सगळ्यात बोलकी वाटते ती 1987 ची फेरारी एफ-40. तिच्यात गालिचा नव्हता, रेडिओ नव्हता, हातमोज्यांचा कप्पा नव्हता, दरवाजा उघडायला आतून नुसती दोरी. एसी मात्र ठेवला होता. पाठीमागे तापलेलं इंजिन आणि समोर मोठी काच, यांच्यामध्ये बसलेला माणूस भाजून निघाला तर वेग काय कामाचा, हे इटलीतल्या अभियंत्यांना उमगलं होतं. गोंदियात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. इथे एसीचा कॉम्प्रेसर काढून वजन वाचवणाऱ्याने त्या फेरारीची आठवण ठेवावी.

लोटसची वाट वेगळी. कॉलिन चॅपमनच्या कंपनीने गाडी आधी जड बनवून मग सोलली नाही, मुळातच हलकी आखली. 1996 ची एलिस ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या डिंकासारख्या रसायनाने जोडून बनवली होती आणि तिचं वजन होतं सुमारे 725 किलो. माझदाने एमएक्स-5 बनवताना एकेक ग्रॅम मोजला. आपल्याकडे हलकी गाडी आली ती वेगासाठी नव्हे, किमतीसाठी: डिसेंबर 1983 मध्ये बाहेर पडलेली मारुती 800 साधारण साडेसहाशे किलोंची होती, आणि पुढे टाटा नॅनोने तर एकच वायपर, चाकाला तीनच नट आणि सुरुवातीला न उघडणारी डिक्की इथपर्यंत काटकसर नेली. नॅनो हलकी होती. तिला कुणी स्पोर्ट्स कार म्हटलं नाही. नुसतं वजन कमी असून भागत नाही.

आता गाडीच्या आत शिरू. मागची सीट काढणं दिसायला सोपं. बैठक पुढून वर उचलली की दोन क्लिपा सुटतात, पाठीचे चार-सहा बोल्ट खोलले की ती हातात येते. छोट्या हॅचबॅकमध्ये हे सगळं मिळून वीस किलोंच्या आसपास भरतं. खाली गालिचा, गालिच्याखाली जाड नमदा, आणि नमद्याखाली पत्र्याला चिकटलेलं काळं डांबरी शीट. याच फरशीवर एक गोल किंवा चौकोनी झाकण दिसतं. त्याच्याखाली पेट्रोलचा पंप आणि टाकी असते. म्हणजे सीट आणि नमदा गेला की प्रवासी आणि पेट्रोल यांच्यामध्ये उरतो तो फक्त एक पत्रा आणि एक झाकण. शर्यतीच्या गाडीत इथे वेगळी आगरोधक भिंत बसवतात ती उगाच नाही.

डांबरी शीट हा तर वेगळाच वैताग. परदेशातले लोक त्यावर सुका बर्फ पसरतात, शीट आकसून कडक झालं की हातोडीने टिचवून काढतात. आपल्याकडे हीट गन आणि छिन्नी. दिवसभर खरवडून हातात येतात पाच-सहा किलो, पत्र्यावर ओरखडे पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो. वर्षाला बाराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात उघडा पत्रा फार दिवस टिकत नाही. आवाजाचं तर विचारूच नका. चाकाने उडवलेला प्रत्येक खडा पत्र्यावर वाजतो. डिफरन्शियलचं गुणगुणणं, टायरची घरघर, पावसाचा मारा, सगळं डोक्यात घुमतं. गोंदियाहून नागपूरला जाऊन यायचं म्हटलं तर संध्याकाळी कान बधिर होतात.

पुढच्या सीटमध्ये खरं वजन आहे. प्रत्येकी पंधरा ते पंचवीस किलो, आणि त्याजागी सहा-आठ किलोंची बकेट सीट बसते. पण नव्या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते, आणि माणूस बसला आहे की नाही हे सांगणारा सेन्सर बैठकीत. कपलर काढला की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि पुष्कळ गाड्यांत तो लागला की पूर्ण यंत्रणाच झोपते, समोरच्या एअरबॅगसकट. वायरिंग जोडलेलं असताना, बॅटरी न काढता एअरबॅगशी खेळणं तर थेट धोक्याचं. ती म्हणजे एक छोटं स्फोटकच आहे. डॅशबोर्डमागे जी आडवी लोखंडी पट्टी असते तिच्यावर स्टिअरिंगचा दांडा टेकलेला असतो. ती ‘काय उगाच लोखंड’ म्हणून कापणाऱ्याला काय म्हणावं?

दरवाजाची पॅडं काढून प्रत्येकी दोन-तीन किलो मिळतात. त्या पॅडामागे पत्र्याच्या धारदार कडा असतात आणि बाजूने धडक बसली की कमरेला पहिला आधार त्या पॅडाचाच. हेडरेस्ट काढणारेही भेटतात. मागून ट्रक ठोकला तर मान वाचवणारी गोष्ट तेवढी एकच, आणि तिचं वजन किलोभरही नसतं.

बेरीज करू. मागची सीट वीस, स्टेपनी चौदा, जॅक-पाना चार, गालिचे आणि नमदे दहा, डांबरी शीट पाच, पॅडं आठ. साठेक किलो झाले. शर्यतवाले हे सगळं काढतात खरं, पण लगेच काहीतरी आत टाकतातही. तेव्हा चाकणला बनणारी पोलो घेऊन फोक्सवॅगनने 2010 पासून देशात स्वतंत्र शर्यतमालिका भरवली. त्या गाड्या आतून साफ रिकाम्या असत, पण रिकाम्या पोकळीत पोलादी नळ्यांचा रोलकेज वेल्डिंग करून बसवलेला, अनेकपदरी पट्ट्यांची बकेट सीट, अग्निशामक, बाहेरून वीज तोडायचं बटण. अशा पिंजऱ्याचंच वजन तीस-चाळीस किलो. म्हणजे साठ काढले, चाळीस-पन्नास भरले. शर्यतीच्या गाडीतून गादी जाते ती सुरक्षेच्या सामानाला जागा करून द्यायला, आणि गादी, नमदा, प्लॅस्टिक आगीत पेटू नये म्हणून. इंटरनेटवरच्या फोटोत रिकामी गाडी दिसते, तो हिशोब दिसत नाही. नुसतं काढून काहीच न बसवलेली गाडी शर्यतीचीही नाही आणि रस्त्याचीही नाही.

उलट, रोलकेज बसवून ती गाडी रस्त्यावर चालवणं हेही वेडेपणाचं. हेल्मेट नसलेलं डोकं त्या नळीवर आपटलं तर काय होईल, याची कल्पना करवत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी मोजत नाही, ती म्हणजे वजन कुठून गेलं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या हॅचबॅकचं नाक आधीच जड असतं. समजा हजार किलोंपैकी 610 पुढे आणि 390 मागे. मागची सीट, स्टेपनी, जॅक, मागचा गालिचा मिळून 45 किलो काढले, तर मागे उरले साधारण 348 आणि पुढे 607. पुढचा वाटा 61 टक्क्यांवरून साडेत्रेसष्टवर गेला. गाडी हलकी झाली आणि तोलही बिघडला. मागच्या स्प्रिंगवरचा भार घटल्याने मागचा भाग उचलला जातो, जोरात ब्रेक मारला की मागची चाकं रस्ता सोडायला बघतात. कोरड्या ट्रॅकवर मुरलेला चालक याचा फायदा करून घेतो. पावसात कोहमारा-देवरी पट्ट्यात समोर अचानक नीलगाय किंवा रानडुक्कर आलं तर मात्र तो फायदा अंगाशी येतो. नवेगाव-नागझिऱ्याच्या मधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर ही वेळ कुणावरही येऊ शकते.

कायद्याचं सांगायचं तर, मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 स्पष्ट आहे: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. त्या प्रमाणपत्रावर आसनसंख्याही लिहिलेली असते आणि रिकाम्या गाडीचं वजनही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ नव्या रूपात आलं. बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. एमएच-35 च्या, म्हणजे गोंदियाच्या गाडीला कुणी रोज थांबवून मागे सीट आहे का बघणार नाही, हे खरं. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बघतो, आणि तो ज्या दिवशी येतो त्या दिवशी तुम्हाला त्याची गरज असते.

मग हलकेपणाचा नाद करूच नये का? करावा, पण क्रम बदलून. आपल्याकडे गाडी शोरूममधून निघते आणि थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात जाते. जाड सीट कव्हर, त्यावर आणखी एक कव्हर, सगळा तळ झाकणारं मॅटिंग, डिक्कीत लाकडी खोक्यातला वूफर, त्याचा ॲम्प्लिफायर, पुढे लोखंडी बुलगार्ड. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना बुलगार्डवर कारवाई करायला सांगितलं, तरी ते दिसतातच. एवढं जरी उतरवलं तरी तीस-चाळीस किलो जातात, कायदा मोडत नाही, गाडीची सुरक्षाही घटत नाही; बुलगार्ड गेल्याने उलट वाढते, कारण धडकेचा जोर शोषणारा पुढचा भाग आणि एअरबॅगचे सेन्सर मग ठरल्याप्रमाणे काम करतात. मजा अशी की वजन कमी करायचं म्हणून मागची सीट काढणारा मुलगा वूफर मात्र ठेवतो.

डिक्कीतला कायमचा पसारा ही दुसरी जागा. छत्र्या, पाण्याचे कॅन, क्रिकेटची किट, मागच्या दिवाळीपासून पडलेलं सामान. 42 लिटरची टाकी काठोकाठ भरली की पेट्रोलचंच वजन तीस किलोंच्या वर जातं. शहरात फिरायचं असेल तर अर्धी टाकी पुरते. स्टेपनी मात्र ठेवावी. सालेकसा किंवा केशोरीच्या बाजूला रात्री टायर बसला की चौदा किलोंची किंमत कळते.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते चाकांवर करावेत. हलकी पण मान्यताप्राप्त अलॉय, मूळ मापाचीच, आणि चांगले टायर. चाक फिरतंही आणि खड्ड्यावर वरखालीही होतं, त्यामुळे तिथे घटलेला किलो सीटमधल्या किलोपेक्षा जास्त जाणवतो. नवे ब्रेक पॅड आणि ताजे शॉकॲब्सॉर्बर यांनी जुन्या गाडीत जेवढा फरक पडतो तेवढा गालिचा काढून कधीच पडत नाही. कुणी ऐकत नाही, कारण शॉकॲब्सॉर्बरचा फोटो काढून कुणाला पाठवता येत नाही.

शर्यतच करायची असेल तर मार्ग मोकळा आहे, पण तो गोंदियातून जात नाही. मोटार शर्यतीचे पक्के ट्रॅक श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरला आणि ग्रेटर नोएडाला. परवाना आणि नियम फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचे. इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी याहून सरस वाट म्हणजे 2007 पासून चालत आलेली बाहा एसएई इंडिया स्पर्धा. तिचा मुक्काम वर्षानुवर्षं इंदूरजवळच्या पिथमपूरला राहिला आहे, गोंदियाहून एका रात्रीच्या अंतरावर. तिथे गाडी सोलायची नसते, नळ्यांच्या सांगाड्यापासून उभी करायची असते. कुठली नळी किती जाडीची घेतली तर पिंजरा टिकेल आणि वजन वाढणार नाही, हा प्रश्न तिथे कागदावर सोडवावा लागतो आणि मग परीक्षकांसमोर त्याचं उत्तर द्यावं लागतं. ज्याला हलकेपणाची खरी गोडी आहे त्याला हे काम महिनोन्‌महिने पुरेल. आणि ज्याच्याकडे दुसरी, फक्त शर्यतीसाठी ठेवलेली, ट्रेलरवर लादून ट्रॅकवर नेली जाणारी गाडी आहे, त्याने खुशाल आतलं सगळं काढावं. पटवाल्यांचा नियम तोच आहे.

बाकीच्यांनी एक साधं काम आधी करावं. गोंदियात राइस मिल काही कमी नाहीत, आणि धरमकाटाही शोधावा लागत नाही. भाताचे ट्रक नसतील अशा वेळी तिथे गाडी न्यावी. एकदा पूर्ण गाडी काट्यावर घ्यावी, एकदा फक्त पुढची चाकं. आकडा नोंदणी प्रमाणपत्रावरच्या वजनाशी ताडून पाहावा. जो फरक दिसेल तो बहुतेक पेट्रोलचा आणि आपणच भरलेल्या सामानाचा. ट्रकचा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने मोजतो, त्यामुळे दरवाजाचं एक पॅड किंवा एक हेडरेस्ट काढून परत गेलात तर तो तुम्हाला काहीच फरक दाखवणार नाही.